डॉब्सोनियनच्या आरशामागचा पंखा: वेग कमीजास्त कसा करावा?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे ८ इंची डॉब्सोनियन (लाकडी पेटीवर फिरणारी, आरशाची दुर्बीण) आहे, नाभीय अंतर १२०० मिमी. ऐरोलीत आमच्या रो-हाऊसमागे छोटंसं परस आहे, तिथेच थाटतो. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्त्याचा उजेड, पश्चिमेला खाडीकडचं आकाश थोडं बरं. तेजोमेघ वगैरे विसरा, पण ग्रहांना उजेडाचं काही पडलेलं नसतं. २०२५-२६ च्या या हिवाळ्यात गुरू मिथुनेत आहे, १० जानेवारी २०२६ ला प्रतियुती (सूर्याच्या बरोबर समोर). मध्यरात्रीच्या सुमारास आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणजे आजूबाजूच्या इमारती आडव्या येत नाहीत. यापेक्षा चांगली संधी लवकर मिळायची नाही.

अडचण अशी की दुर्बीण घरातून बाहेर काढली की पहिले दोनेक तास गुरू नुसता उकळत असतो. पट्टे दिसतात न दिसतात तोच विरघळतात. एखादा ठळक तारा फोकसबाहेर नेऊन पाहिला तर प्रकाशाच्या त्या चकतीत धुरासारखे लोट वर सरकताना दिसतात. आरसा गरम आहे एवढं कळतंय.

जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला १२० मिमीचा पंखा आहे, १२ व्होल्ट, लेबलवर ०.२ अँपिअर, तीन वायरींचा. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी आहे. थेट जोडून आरशामागे बांधला. लोट लवकर कमी झाले हे खरं, पण पंखा चालू असताना गुरूचे चंद्र ठिपक्यांऐवजी बारीक रेघा दिसतात. पंखा बंद केला की पुन्हा ठिपके, आणि थोड्या वेळाने पुन्हा लोट.

म्हणून वेग हवा तसा ठेवता येईल अशी सोय करायची आहे. सोल्डरिंग जमतं, प्रोग्रामिंगचा गंध नाही. काय करावं?

कांदेपोहे

घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर लावा की! आमच्याकडे माळ्यावर एक जुना पडलाय, कुरिअर करतो.

जुना रेडिओवाला

कांदेपोहे गंमत करतायत हे मला कळतंय, पण उद्या कोणीतरी खरंच लावेल म्हणून सांगून ठेवतो. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर २३० व्होल्ट एसीसाठी असतो. आतमध्ये कपॅसिटर तरी असतात नाहीतर ट्रायक (एसीसाठीचा इलेक्ट्रॉनिक स्विच). बॅटरीच्या डीसीवर कपॅसिटरमधून काहीच पुढे जाणार नाही, आणि ट्रायक एकदा चालू झाला की डीसीवर बंद होत नाही. आणि कोणी अतिउत्साहाने तो भिंतीच्या सॉकेटला जोडून पुढे हा पंखा लावला तर पंखा जळेल, शिवाय दवाने ओल्या झालेल्या परसात २३० व्होल्ट खेळवणं म्हणजे जिवाशी खेळ. दुर्बिणीजवळ १२ व्होल्टच्या वर काहीही नको.

ऐरोलीकर, तुमचं काम सोपं आहे. एलएम३१७ घ्या. तीन पायांचा व्होल्टेज रेग्युलेटर, रेडिओ दुरुस्तीवाल्यांचा जुना मित्र. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये २४० ओहमचा रेझिस्टर. अ‍ॅडजस्ट ते ऋण यामध्ये ६८० ओहमचा एक रेझिस्टर आणि त्याच्या मालिकेत १ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (नॉब फिरवून रोध बदलणारा). हिशोब असा: १.२५ ला (१ + खालचा रोध भागिले २४०) ने गुणायचं. नॉब एका टोकाला असेल तर ४.८ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला १० व्होल्ट.

६८० मुद्दाम घातलाय. बहुतेक १२ व्होल्टचे पंखे ४-५ व्होल्टच्या खाली सुरूच होत नाहीत, नुसते अडून राहतात. नॉब शून्यापर्यंत जाऊच दिला नाही की अंधारात ‘पंखा फिरतोय की अडलाय’ हे चाचपत बसावं लागत नाही. वरच्या टोकाला पूर्ण १२ मिळणार नाहीत, कारण हा रेग्युलेटर स्वतःसाठी दोनेक व्होल्ट खातो. १० व्होल्टवर पंखा पुरेसा जोरात फिरतो, त्याची चिंता नको.

इनपुटला ०.१ मायक्रोफॅरड, आउटपुटला १ मायक्रोफॅरड. बॅटरीच्या धन टोकाला लागून १ अँपिअरचा फ्यूज, हा विसरू नका. ७ एएचची बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होते.

कैवल्य_नेरूळ

काका, आदर आहे, पण २०२५ मध्ये एलएम३१७? उरलेले सगळे व्होल्ट उष्णता होऊन वाया जाणार. पीडब्ल्यूएम (वीज झरझर चालू-बंद करून वेग ठरवणं) करा. एनई५५५ टायमर चिप, एक १०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, दोन डायोड आणि आयआरएफझेड४४एन मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर). पंख्याला पूर्ण १२ व्होल्टच मिळतात, फक्त तुकड्या-तुकड्याने, त्यामुळे अगदी हळू वेगालाही ताकद राहते. ठाणे स्टेशनजवळ किंवा लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. तेवढाही व्याप नको असेल तर तयार पीडब्ल्यूएम मॉड्यूल ऑनलाइन शे-दोनशेत येतं, नॉबसकट.

जुना रेडिओवाला

कैवल्य, उष्णता किती ते मोजून बोलू. नॉब सगळ्यात खाली असेल तर बॅटरीचे १२.६ वजा ४.८, म्हणजे ७.८ व्होल्ट रेग्युलेटरवर पडले. त्या वेगाला पंखा ०.०८ अँपिअरच्या आसपास घेईल. गुणाकार ०.६ वॅट. चिमुकला हीटसिंक पुरतो. बॅटरीच्या दृष्टीनेही ७ एएच म्हणजे ०.१ अँपिअरला पन्नास-साठ तास. रात्रभर चालवा, चार रात्री चालवा. वाचवायचं काय आहे?

फक्त ती डबी दुर्बिणीच्या नळीवर चिकटवू नका. अर्धा वॅट का होईना, उष्णतेविरुद्ध भांडण काढून तीच नळीला नेऊन लावायची? बुडाच्या लाकडी पेटीवर बाहेरून लावा.

पीडब्ल्यूएमबद्दल एक गोष्ट. या पंख्याच्या पोटात स्वतःचं छोटं सर्किट असतं, ते कॉइल आळीपाळीने चालू-बंद करतं. तुम्ही बाहेरून त्याचीच वीज तोडजोड करायला लागलात की काही पंखे निमूट ऐकतात, काही टकटक करतात, आणि काही गायला लागतात. तयार मॉड्यूलची वारंवारता बऱ्याचदा ऐकू येण्याच्या पट्ट्यात असते. रात्री साडेबाराला परसात ती कूऽऽ शेजाऱ्यांना ऐकू गेली तर गुरूपेक्षा सोसायटीची मीटिंग आधी दिसेल.

कैवल्य_नेरूळ

गायलाच नको असेल तर वारंवारता वर न्या. ५५५ ला १०० किलो आणि १० नॅनोफॅरड लावलात तर साधारण १४०० हर्ट्झ येतात, तो आवाज डोक्यात जातो. कपॅसिटर ५६० पिकोफॅरडचा केलात तर २५ किलोहर्ट्झच्या जवळ जातं, माणसाच्या कानाबाहेर. चार पिनांच्या कॉम्प्युटर पंख्यांसाठी ठरलेली वारंवारताही २५ किलोहर्ट्झच आहे, तिथूनच घेतली. डायोड १एन४००७ नको, तो या वेगाला मंद पडतो, १एन५८१९ लावा.

आणि ५५५ ऐवजी आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) घ्यायची इच्छा झाली तर मॉस्फेट बदला. आयआरएफझेड४४एन च्या गेटला ५ व्होल्टमध्ये नीट उघडता येत नाही. तिथे आयआरएलझेड४४एन हवा. दुकानात दोन्ही एकाच डब्यात असतात, वाचून घ्या.

चित्रा_नक्षत्र

सर्किटवाले सर्किटवर बोलतायत, मी आरशावर बोलते. आधी हे ठरवा की पंखा नेमकं करतो काय, मग नॉब कशाला हवा ते आपोआप कळेल.

८ इंची आरसा ३० मिमी जाडीचा धरला तर काचेचं वजन दोन किलोच्या थोडं वर. काच उष्णता सहज सोडत नाही. हवा शांत असेल तर घरच्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक एक-तृतीयांशावर यायला साधारण तासभर लागतो, दशांशावर यायला दोन तासांहून जास्त. ऐरोलीकरांनी ‘दोनेक तास’ लिहिलंय ते बरोबर जुळतं. मागून पंखा लावला की हाच वेळ निम्म्याहून कमी होतो. पंख्याचं पहिलं काम हे.

दुसरं काम बरेच जण विसरतात. गरम आरशाच्या पुढच्या पृष्ठावर ऊबदार हवेचा सेंटिमीटरभराचा थर बसलेला असतो. एका अंशाला हवेचा अपवर्तनांक (प्रकाश तिच्यात किती मंदावतो त्याचं माप) दहा लाखांत साधारण ०.९ ने बदलतो. ऐकायला काहीच नाही. पण थर १० मिमीचा, फरक ५ अंशांचा, आणि प्रकाश त्यातून दोनदा जातो, एकदा आरशाकडे आणि एकदा परत. झाले ९० नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५०, म्हणजे जवळजवळ सहावा भाग. थर सगळीकडे सारखा असता तर काही बिघडलं नसतं. तो सारखा नसतो, तो उकळत असतो. ऐरोलीकरांना दिसणारे लोट म्हणजे हेच. हा थर मोडायला अगदी हलकी झुळूक पुरते.

तेव्हा पहिल्या तासात जोर हवा, तेव्हा तुम्ही बघत नसता, थरथर चालते. नंतर डोळा लावाल तेव्हा पंखा बंद करायचा नाही, अगदी हळू ठेवायचा. बंद केला की हवेचं तापमान उतरत राहतं, आरसा मागे पडतो आणि थर पुन्हा बसतो. फक्त चालू-बंदचं बटण असेल तर यातलं दुसरं काम जमतच नाही. चैन म्हणून नॉब लावत नाही आपण.

आपल्याकडे एक बरं आहे. जानेवारीत नाशिककडे किंवा पुण्याला रात्री पारा जसा धाडकन उतरतो तसा ठाणे-नवी मुंबईत उतरत नाही, खाडी आणि समुद्र त्याला धरून ठेवतात. एकदा आरसा हवेला गाठला की मग तो फार मागे पडत नाही. पहिला तास महत्त्वाचा.

ऐरोलीकर

चित्राताई, हे असं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. मी पंखा म्हणजे एकदा गार करायचा आणि बंद करायचा असंच धरून चाललो होतो. रेडिओवाले काका, तुमचं सर्किट घेतो, त्यात भागही कमी आहेत.

पण पंख्याचं तोंड कुठे? आरशावर हवा मारायची की नळीतली हवा मागून बाहेर ओढायची?

वाघबीळकर

यावर दोन तट आहेत आणि दोघांचंही चालतं. मी ओढतो, त्याचं कारण धूळ. घोडबंदर रोडला राहतो, मेट्रो ४ चं काम, डंपर, काँक्रीटच्या गाड्या. मागून आत हवा मारली की ती धूळ आरशामागे आणि तिथून कडेने पुढे. हवा ओढायला लावली की ती दुर्बिणीच्या वरच्या तोंडातून आत येते. तिथेही धूळ असते, पण टेरेसच्या जमिनीलगत जी असते तेवढी नाही. तरीही मी पंख्यावर मच्छरदाणीची जाळी लावली आहे, त्यामुळे निदान डास आत जात नाहीत. एकदा आरशावर मेलेला डास बघितल्यावर माणूस जाळी लावतोच.

चित्रा_नक्षत्र

डॉब्सोनियन खाली जमिनीलगत असते, त्यामुळे वाघबीळकरांचा मुद्दा पटतो. पण निव्वळ गार करण्यासाठी मागच्या पृष्ठावर हवा थेट आदळली तर काम जास्त जलद होतं. परसात माती असेल तर ओढा, फरशी असेल आणि जाळी लावणार असाल तर मारा. दोन्हीत एक गोष्ट लागतेच: पंखा आणि नळीची भिंत यांच्यातली मोकळी जागा काळ्या पुठ्ठ्याने किंवा फोमच्या शीटने बुजवा. नाहीतर हवा पंख्याच्या कडेनेच गोल फिरून परत येते आणि आरशाला काही लागत नाही. मात्र कोलिमेशनच्या (आरसे एका रेषेत जुळवायच्या) स्क्रूंना हात पोचला पाहिजे, तेवढी भोकं ठेवा.

आर्द्रा

सगळे गरम आरशाबद्दल बोलतायत. थंड आरशाचं काय?

माझी दुर्बीण बेडरूममध्ये असते आणि बेडरूमला एसी आहे. ऑक्टोबरमधली गोष्ट: खोली २२ अंशांवर, बाहेर २७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के. अशा हवेचा दवबिंदू २३ च्या वर जातो. म्हणजे माझा आरसा बाहेर येताक्षणी दवबिंदूच्या खाली. झाकण काढलं आणि डोळ्यांदेखत आरसा पांढरा झाला. पंखा लावल्यावर तर आणखी वेगाने, कारण पंखा नवीन ओली हवा आणून आणून त्यावर घालतो.

तेव्हा आरसा हवेपेक्षा थंड असेल तर पंखा बंद, झाकणं बंद, दुर्बीण तशीच बाहेर ठेवा. काच हवेच्या पातळीवर आली की मग झाकण काढा. दव पडलंच तर पुसायला मात्र जाऊ नका, वरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर फारच नाजूक असतो. आपोआप सुकू द्या.

आता दुर्बीण एसी नसलेल्या पॅसेजमध्ये ठेवते. अर्धा प्रश्न तिथेच संपला.

वाघबीळकर

आर्द्रा +१. आणि पंखा वगैरे लावून झाल्यावर आसपासही एकदा बघा. आमच्या टेरेसचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीनंतरही ऊब सोडत असतो. मी आरसा कितीही गार केला तरी दुर्बिणीच्या तोंडापुढची हवा नाचतच असते. आता कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत दिवसभर राहिलेल्या जागी उभा राहतो, बराच फरक पडतो.

ऐरोलीकर, तुमच्या परसावर शेजारच्यांचं एसीचं आउटडोअर युनिट आहे का? ते गरम हवा थेट तुमच्या दृष्टीच्या रेषेत फेकत असेल तर कुठलाही पंखा तुम्हाला वाचवणार नाही.

ऐरोलीकर

आहे! दक्षिणेच्या भिंतीवर दोन आहेत. थंडीत बंद असतात हे नशीब. पण मार्चनंतर काय होतं ते लक्षात आलं.

कैवल्य_नेरूळ

मी आता खरा मुद्दा मांडतो, रागावू नका. नॉब माणसाने का फिरवावा? डीएस१८बी२० तापमान सेन्सर दोन घ्या, एक आरशाच्या मागच्या बाजूला चिकटवा, एक बाहेरच्या हवेत. आर्डुइनो फरक बघेल: फरक ३ अंशांच्या वर असेल तर पंखा पूर्ण, १ च्या खाली आला की हळू, आरसा हवेपेक्षा थंड असेल तर बंद. आर्द्राताईंचा प्रश्नही सुटला. चार पिनांचा पंखा घेतलात तर मॉस्फेटही नको. चौथी पिन थेट आर्डुइनोच्या ९ नंबरला. फक्त आर्डुइनोची मूळची पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झची असते, ती टायमर १ वापरून २५ किलोहर्ट्झ करावी लागते, त्या टायमरच्या आयसीआर१ रजिस्टरला ३२० द्यायचे.

जुना रेडिओवाला

छान आहे. पण त्या सेन्सरची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश. एक अर्धा वर, दुसरा अर्धा खाली निघाला तर तुझा ‘१ अंशाचा फरक’ म्हणजे शून्यही असू शकतो.

कैवल्य_नेरूळ

दोन्ही सेन्सर एकत्र रबरबँडने बांधून पाण्याच्या ग्लासात अर्धा तास ठेवायचे, दोघांत जो फरक दिसेल तो प्रोग्रामात वजा करायचा. आपल्याला खरं तापमान कुठे हवंय, फरकच हवाय.

जुना रेडिओवाला

हे पटलं. मानलं.

चित्रा_नक्षत्र

कैवल्य, तुझं यंत्र बांधच आणि इथे टाक, मला वाचायला आवडेल. पण ऐरोलीकरांनी पहिल्यांदा हातानेच फिरवावं असं माझं मत. फोकसबाहेरच्या ताऱ्यात लोट किती आहेत हे बघत नॉब फिरवला की डोळा शिकतो. दुर्बिणीइतका चांगला उष्णतामापक दुसरा कुठलाच नाही. स्क्रीनवर ‘०.८’ आकडा बघून समाधान मानणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) गुरू तसाच उकळत होता, कारण बाजूला गरम स्लॅब होता.

कांदेपोहे

अवांतर: हे डॉब्सोनियन नाव कुठून आलं? डॉब्सन कंपनी आहे का?

चित्रा_नक्षत्र

कंपनी नाही, माणूस. जॉन डॉब्सन. आणि गंमत म्हणजे तो रामकृष्ण परंपरेतला संन्यासी होता, कॅलिफोर्नियात वेदान्त सोसायटीच्या मठात वीसहून अधिक वर्षं होता. मठात राहून टाकाऊ सामानातून दुर्बिणी बनवायचा. १९६७ मध्ये मठ सुटला, मग रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवत राहिला. २०१४ मध्ये गेला, ९८ वर्षांचा होऊन. लाकडी पेटीवर फिरणारी ही स्वस्त मांडणी त्यानेच लोकांत रुजवली.

कांदेपोहे

म्हणजे आमचा जुना रेग्युलेटर त्याने नक्की वापरला असता.

ऐरोलीकर

मंडळी, बांधलं.

एलएम३१७, काकांनी सांगितल्याप्रमाणे. लॅमिंग्टन रोडला जायची वेळच आली नाही, ठाण्यातच सगळे भाग मिळाले. ६८० ओहमचा रेझिस्टर असल्यामुळे नॉब पूर्ण खाली नेला तरी पंखा सुरू होतो, तपासलं. डबी लाकडी पेटीवर बाहेर आहे, हात खाली नेला की नॉब सापडतो. पंखा आत हवा मारतो, परसात फरशी आहे, वर मच्छरदाणीची जाळी. कडेची जागा काळ्या फोमने बुजवली.

सुरुवातीला पंखा स्क्रूने घट्ट बसवला होता. तो काढून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर चारी कोपऱ्यांनी ताणून टांगला, कुठेही धातूला टेकत नाही. थरथर बरीच गेली. पण अजून एक विचित्र गोष्ट आहे. नॉब पूर्ण वर: थोडी थरथर. पूर्ण खाली: काही नाही. मधल्या एका जागी मात्र चंद्रांच्या पुन्हा रेघा होतात, पूर्ण जोरापेक्षाही लांब! तिथून नॉब थोडा इकडे-तिकडे केला की गायब. सर्किटमध्ये काही चुकतंय का?

जुना रेडिओवाला

सर्किट बिनचूक आहे. हा अनुनाद. पंख्याचं पातं पूर्ण समतोल कधीच नसतं, प्रत्येक फेरीला एक धक्का बसतो. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला २० धक्के. तुमचा आरसा तीन स्प्रिंगांवर बसलाय, नळीचंही स्वतःचं एक कंपन आहे. धक्क्यांची गती त्या कंपनाशी जुळली की धक्का छोटा असला तरी डोलणं मोठं होतं. झोपाळ्याला योग्य वेळी बोट लावल्यासारखं.

म्हणून तर नॉब. त्या जागेवर डबीवर पांढऱ्या रंगाची खूण करा आणि तिथे कधी थांबू नका.

चित्रा_नक्षत्र

आणि हे डोळ्याला इतकं स्पष्ट का दिसतं तेही बघा. आरसा जेवढ्या कोनातून हलतो त्याच्या दुप्पट प्रतिमा हलते. २०० पट मोठं करून बघत असाल तर आकाशातला एक विकलेचा (अंशाच्या ३६०० व्या भागाचा) हलका धक्का डोळ्याला २०० विकलांचा, म्हणजे तीन कलांहून जास्त दिसतो (६० विकलांची एक कला). साध्या डोळ्याला एक कला ओळखता येते. तुमच्या ८ इंचीची जवळचे दोन तारे वेगळे दाखवायची मर्यादा ०.५७ विकला आहे. तेव्हा अर्धी विकला हललं तरी दुर्बिणीने कमावलेलं गेलं.

कोलिमेशनचे लॉक स्क्रू लावलेत का? ते हलकेच टेकवले तर आरशाची स्प्रिंगांवरची डुगडुग कमी होते. आवळू नका, कोलिमेशन बिघडेल.

ऐरोलीकर

लॉक स्क्रू मोकळेच होते. हलकेच टेकवले. मधल्या जागेची थरथर जवळजवळ गेली, खूण तरी करून ठेवली.

आता माझी पद्धत अशी बसली आहे: संध्याकाळी दुर्बीण बाहेर, झाकण काढून पंखा पूर्ण वर, आणि जेवायला आत. जेवून आलो की तारा फोकसबाहेर नेऊन लोट बघतो. विरळ झाले असतील तर नॉब जवळजवळ तळाला आणि गुरू. काल पट्ट्यांच्या कडेला बारीक गाठी दिसल्या, आणि एका चंद्राची सावली गुरूवरून सरकताना काळीभोर टिकली म्हणून दिसली. याआधी ती मला करडा डागच दिसायची. पंखा मुद्दाम बंद करूनही बघितलं. थोड्या वेळातच सावलीची कड पुन्हा पसरली. चित्राताईंचं म्हणणं मी आता दुसऱ्यांना सांगायला मोकळा.

आर्द्रा

दव?

ऐरोलीकर

पहाटेपर्यंत बसलो नव्हतो, पण फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) ओला झाला होता. मुख्य आरसा कोरडा. दुय्यम आरशावर काही दिसलं नाही.

आर्द्रा

मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो, त्याला सहसा शेवटी दव पडतं. आधी फाइंडर, मग आयपीस, मग दुय्यम आरसा. फाइंडरवर दिसलं की समजा बाकीच्यांची पाळी येतेय. आयपीस खिशात ठेवत जा, अंगाच्या उबेने कोरडी राहते. आणि काम झाल्यावर ओली नळी लगेच झाकण लावून बंद करू नका. आधी सुकू द्या, नाहीतर आपल्या हवेत बुरशी ठरलेली.

निशाचर_कळवा

धागा वाचून उत्साह आला. बॅटरी नाहीये, मोबाईलची पॉवर बँक आहे. १२ व्होल्टचा पंखा थेट तिच्या ५ व्होल्टवर चालेल का? वेग तसाही कमीच हवाय.

कैवल्य_नेरूळ

बरेच पंखे ५ व्होल्टवर रेंगाळत फिरतात, सुरू व्हायला बोटाने ढकलावं लागतं कधीकधी. अडचण वेगळी आहे. करंट फार कमी असेल तर कित्येक पॉवर बँका ‘मोबाईल भरला’ असं समजून आपणहून बंद होतात. आणि पहिल्या तासाचा जोर मिळणार नाही तो नाहीच.

निशाचर_कळवा

६ इंची आहे माझी, आरसा पातळ आहे. मग पंखा लागेल का मुळात?

चित्रा_नक्षत्र

आरसा किती पातळ त्यावर आहे. जाडी निम्मी झाली की गार व्हायचा वेळही साधारण निम्मा होतो. काही खरेदी करण्याआधी दुर्बीण बाहेर काढून तासभर ठेवा, मग रोहिणी किंवा व्याध फोकसबाहेर नेऊन बघा. व्याध खाली असेल तर हवेनेच नाचेल, तेव्हा वर आलेला असताना बघा. चकती स्वच्छ असेल, लोट नसतील, तर पंखा लावू नका, दुर्बीण तासभर आधी बाहेर काढायची सवय लावा. लोट दिसले तर इथे लिहा, काकांचं सर्किट आहेच.

जुना रेडिओवाला

आणि बॅटरी घ्याल तेव्हा धन-ऋण उलटी लागू नये म्हणून मालिकेत एक १एन४००७ टाका. ०.७ व्होल्ट जातील, पण अंधारात क्लिप उलटी लागली तरी पंखा जिवंत राहील. ऐरोलीकर, तुम्हीही टाका, अजून टाकला नसेल तर. तुमचा वरचा वेग थोडा उतरेल, पहिल्या तासाला तेवढ्याने काही अडणार नाही.